सपाता

सव्वासहा. खोली चौदा.
सार्जंट टर्प्स्ट्रा पलंगाच्या काठावर बसून
सपाता उलट्या करतात,
टाचेवर तीन-तीन टपल्या मारतात.
विंचू पडत नाही.
हॉलंडात विंचू नाहीत.
फार तर रात्रीच्या बिस्किटाचा तुकडा पडतो,
तो मी पायानं पलंगाखाली सारते.

मग रक्तदाब. मग गोळ्या,
पांढरी, पांढरी, अर्धी गुलाबी.
मग पेल्यात रात्रभर हसत बसलेले दात.

जेवणघरात जागा ठरलेल्या.
नौदल खिडकीशी, तिथून कालवा दिसतो.
पायदळ रेडिएटरशी.
लोण्याच्या डबीवरून रोज युद्धबंदी मोडते.
झेत पत्तिवाएल, अंबोनचा, एकटा दाराशी बसतो.
आत ये म्हटलं तर म्हणतो, पहारा आहे.

बुधवारी भात.
बुधवारी बहिऱ्यांनाही घंटा ऐकू येते.
तिखटाची बाटली हातोहात फिरते
आणि डोळ्यांना पाणी आलं
तर कुणी कुणाला काही विचारत नाही.
तेवढीच सोय.

"तू कुठली गं?"
"जावाची."
"जावात कुठली?"
मी रोज शेजारच्या गावाचं नाव सांगायचे.
माझ्या गावाचं नाव त्यांच्या कपाटातल्या वहीत आहे.
चादरी रचताना पाहिलं.
तारीख, गाव, आणि पुढे कोरं पान.
पुढचं माझ्या बापाच्या थोरल्या आत्याला ठाऊक होतं.
तांदूळ पाखडताना ती सांगायला घ्यायची,
मग नुसतं सूपच वाजत राहायचं.

फेब्रुवारीत एकदा मी त्यांची पाठ घासत होते.
पाठ कसली, चमच्यांनी भरलेली जुनी पिशवी.
"जावात कुठली?"
हातातून साबण निसटला,
आणि तोंडातून नाव.

नळ चालूच.
पाणी कोमट झालं, मग गार.
"तिथे विहिरीपाशी चिंच होती," ते म्हणाले.
"आहे," मी म्हणाले.
बऱ्याच वेळानं, "गार लागतंय."
मी टॉवेल दिला.

नोंदवहीत लिहिलं:
स्नान झालं. त्वचा ठीक. जेवण अर्धं टाकलं.

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.
मीही मागच्या जखमेसारखं ते चाचपलं नाही,
आणि खोली चौदा दुसऱ्या कुणाला द्या
असं दोनदा म्हणायला गेले, दोनदा परत आले.

आज पावसात सायकलवरून भिजून आले.
बूट काढून त्यांच्या रेडिएटरखाली ठेवले,
मोजे पिळायला गेले.
परतले तर ते मांडीवर माझे बूट घेऊन बसलेले.
एकेक उलटा केला. टाचेवर तीन टपल्या.
आत बोट घालून, अगदी चवड्यापर्यंत, पाहिलं.
मग वाकून, कण्हत,
माझ्यापुढे जमिनीवर जोडीनं ठेवले,
टोकं दाराकडे.