पत्रास कारण की

पुटनम, कनेक्टिकट येथील कर कार्यालयास
टूसॉन, ॲरिझोनाहून रोझेअर थिबो याचा नमस्कार.
पत्रास कारण की, तुमचं बिल पोचलं.
तीन वर्षं, दोन पत्ते, माझं एक बायपास
यांतून वाट काढत पोचलं.
एवढी चिकाटी माझ्या मुलांत असती तर.

ब्यूक, तपकिरी, सन दोन हजार चार.
वर दरमहा दीड टक्का.
गाडी बिचारी वर्षागणिक उतरत गेली,
व्याज तेवढं तरणंताठं.

फोनवर तुमच्या वांडाबाई म्हणाल्या
(शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, तीच वांडा)
"गाडी आमच्या गावात नव्हती, याचा पुरावा द्या."
मी म्हटलं, अहो, मीच नव्हतो.
"मग त्याचाही द्या."

सोबत जोडलं आहे:
इथलं विजेचं बिल, एसीचा आकडा बघून घाम पुसा;
इथल्या लायसनची प्रत.
भंगारवाल्याची पावती नाही.
डॅनियल्सनच्या त्या माणसाने चाळीस डॉलर रोख मोजले,
सीटखाली हात घालून
क्लॉडेटची लोकरी टोपी काढली,
झटकली,
आणि माझ्या हातात दिली.
कागद मागायचं सुचलं नाही.

पहिल्या वर्षाचे पैसे मात्र पाठवतो आहे, पूर्ण.
त्या एक ऑक्टोबरला गाडी तुमच्याच हद्दीत होती,
इस्पितळाच्या आवारात, खांब क्रमांक सातपाशी.
सतरा दिवस तिथून हलली नाही.
तेवढं माझं देणं लागतं.

पुढची दोन वर्षं काढून टाका.
नंबरप्लेट तेव्हाच परत केली असती
तर हे घोंगडं भिजत पडलं नसतं, कबूल.
आता मोटार खात्याला पाठवली. पोच सोबत आहे.

कळावे.
लोभ आहेच,
तो वाढू नये ही विनंती.

ता. क.
वांडा, एवढं फाइलला लावू नकोस.
प्लेटा दोन असतात. गेली ती मागची.
पुढची "गहाळ" लिहिली आहे,
ती गॅरेजात खिळ्याला आहे.
कडेला अजून मीठ आहे,
तुमच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकता, ते.
इथे पाऊस नाही म्हणून टिकलं.