मॅचिंग

पत्रकात एवढंच होतं:
रविवारी सकाळी सहा, नेहरू स्टेडियमपाशी,
माणशी पाचशे रुपये,
अंगावर गुलाबी काहीतरी.
पैसे तपासणीच्या गाडीसाठी,
ती देपालपूर-सांवेरकडच्या बायकांच्या दारात
जाऊन उभी राहणार.

पाचशे मी उभ्याउभ्या भरले.
अडले ते 'गुलाबी काहीतरी'पाशी.

माझा रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा.
मामी म्हणायची, "हिला गुलाबी नको गं, विझते पोर."
ते वाक्य मी चाळीसेक वर्षं
कपाटात घडी घालून ठेवलंय,
डांबराच्या गोळीसकट.

म्हणून शुक्रवारी दुपारी शीतलामाता बाजार.
सोबत कुंदा टिळेकर,
कारण एकटी सोडली तर मी बिस्किटी घेऊन येईन
हे तिला ठाऊक.

हातिमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"मॅचिंग चाहिए, तो नमूना लाए हो?"
नमुना नव्हता.
मग ते एकेक ठाण गादीवर उलगडत गेले.

राणी खांद्याला लावला, तर मी बँडपथकातली.
कांद्याच्या सालीचा लावला,
तर तापातून उठल्यासारखी.
अबोली काही बोलेचना.
एक होता पेरूच्या गराचा, फार गोड,
पण तो कुणा विशीतल्या मुलीची वाट बघत थांबलेला,
त्याला मी कशाला उठवू?

तासाभरानं माझीच मला लाज वाटली.
म्हटलं, "जायचंय कशासाठी, आणि मी आरशात बघतेय.
मेली हौस!"

कुंदा स्टुलावर बसून चहा फुंकत होती.
"बघ की," म्हणाली.
"केस गेले तेव्हा मी पेन्सिलीनं भुवया काढायला शिकले.
वॉर्डात, रोज, डॉक्टर यायच्या आत.
एकदा डावी जरा वर गेली,
दिवसभर सगळ्यांना वाटलं, मला काहीतरी पटत नाहीये.
पटत नव्हतंच."

मग कप ठेवून तिनं मला आत नेलं,
फॉल-पिकोच्या खोपटात.
मशीनवरची मुलगी जेवायला गेली होती.
कुंदानं पदर खाली घेतला, हूक काढले.

तीन वर्षांत मी पाहिलं नव्हतं.
तिनं दाखवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.
डावीकडे सपाट, आणि त्यावरून काखेपर्यंत
एक तिरकी शिवण,
घाईत घातलेली, पण पक्की.

"रंग सांग," ती म्हणाली.

जांभूळ म्हणावं तर तेवढं नाही.
कोकम? तेही नाही.
मी वाकून बघत राहिले,
साडीचा काठ बघावा तशी,
आणि भीती कुठे गेली कळलं नाही.
"गुलबक्षी," म्हटलं. "जरा मळलेली."
"चारनंतर उमलते ती?"
"तीच."
"मग याच्यावर मॅचिंग दे म्हणावं."
आम्ही दोघी इतक्या हसलो
की मशीनवरची रिळं घरंगळली.

"नमुना मिळाला," मी बाहेर येऊन सांगितलं.
हातिमभाईंनी 'कुठाय' विचारलं नाही.
मी रंग सांगत गेले, ते मान हलवत गेले,
मग सगळ्यात खालच्या फळीवरून
एक ठाण ओढलं, धूळ झटकली,
आणि थेट ओट्यावर घेऊन गेले.
"ट्यूबलाइट झूठ बोलती है. धूप में देखो."

ऑक्टोबरचं ऊन, दुपारचे साडेचार.
स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते,
आणि मी भर रस्त्यात कापड छातीशी धरून उभी.
कुंदानं डोळे बारीक केले,
मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"विझलेय का?"
"गप्प उभी राहा."

कशासाठी हवंय ते कळल्यावरही
हातिमभाईंनी एक पैसा कमी केला नाही.
मला ते बरं वाटलं.
"अडीच मीटर," मी म्हटलं.
"पाच काढा," कुंदा म्हणाली,
आणि कात्री सरळ रेषेत
न थांबता चालत गेली.