हात मोजायला उजेड नव्हता

चवथीच्या आदल्या रविवारी ग्रामसभा
आणि कोरमला सात माणसं कमी.
गिरणीला कुलूप घातलं, अंगावरच्या पिठासकट
वाड्यावाड्यावर फिरले.
वहीत सह्या दीडशेवर होत्या,
पण सही येऊन खुर्चीवर बसत नाही.

खरं सांगते, वीज खात्याचं आणि माझं
कधीच धड नव्हतं.
मे महिन्यात फणसाची फांदी तारेवर पडली,
दोन दिवस कोणी फिरकलं नाही.
तिसऱ्या दिवशी अर्धी दळलेली नाचणी टोपलीत घातली,
वाळपईची बस धरली,
इंजिनियरच्या टेबलावर ओतली.
म्हटलं, उरलेली आता तू दळ.
तो काही बोलला नाही.
वर्तमानपत्राच्या कागदात दाणा दाणा गोळा केला,
पुडी बांधून माझ्या हातात दिली.
संध्याकाळी सुब्राय लायनमन शिडी घेऊन हजर.

आता म्हणतात, खातं कंपनीला द्यायचं.
देतील बापडे. मी फक्त एवढंच विचारत फिरले
घरोघर, शेवटच्या धनगरवाड्यापर्यंत:
कंपनीचं टेबल कुठे असतं?
कोणाला ठाऊक नव्हतं.
एकाने फोन नंबर दाखवला.
नंबरावर नाचणी ओतता येत नाही.

सभेत निषाद च्यारी उभा राहिला,
रोज पहाटे वेर्ण्याच्या कारखान्यात जाणारा.
म्हणाला, काकी, टोपलीची गोष्ट ऐकली.
आता माझी ऐक.
आणि खिशातून कागद काढून
त्याने तारखा वाचल्या. चौदा तारखा,
लाईट गेल्याची वेळ, आल्याची वेळ.
एकही खोटी नव्हती.
त्यातल्या सहा तर माझ्या गिरणीला पाठ होत्या.
मला उत्तर सुचेना.
मग म्हटलं, बाबा, ह्या तारखा ठरावातच घाल.
खातं आपलं राहू दे, हे वर.
आणि त्याच्या खाली, रिकाम्या जागा भरा,
जुना ट्रान्सफॉर्मर बदला, आणि ह्या तुमच्या चौदा चुका.
तो थोडा वेळ उभाच राहिला.
मग पेन मागितलं.

तो लिहीत असतानाच लाईट गेली.

केवढं हसलो आम्ही! सरपंचसुद्धा.
मागच्या बाकावरून सुब्राय उठला,
काही न बोलता बाहेर गेला.
शिडी भिंतीला खरवडल्याचा आवाज आला.

सचिव म्हणाले, हात वर करा. मग म्हणाले, नको,
हात मोजायला उजेड नाही.
एक मोबाईल वहीवर धरा, बाकीचे बंद करा,
डोळ्यांवर येतात.
नाव सांगा, घर नंबर सांगा.

काळोखातून एकेक नाव आलं.
शेवंती गांवकर, एकोणीस, हो.
रुझार पोदेर, त्र्याऐंशी,
घर भाड्याचं आहे, चालतं ना?
खैरुन्निसा, जिचा आवाज मी आजवर
दळणाच्या पैशांवर घासाघीस करतानाच ऐकला होता,
तिने नंबर दोनदा सांगितला,
चुकून दुसऱ्याचा पडू नये म्हणून.
एक म्हातारा नुसतंच म्हणाला, आसां हांव.
कोण तो, हे अजून वादात आहे.
निषाद शेवटी, थोडा रागातच: हो. तारखांसकट.

आणि खांबावरून, बाहेरून:
माझं नाव लिहू नका, मी नोकरीत आहे.
मोजा मात्र.

सचिवांनी बेचाळीस लिहिलं.
नावं एकेचाळीसच आहेत.

सोमवारी गिरण चालली.
मंगळवारी दुपारी पुन्हा बंद.
टोपली भरली, बस धरली.
टेबल अजून तिथेच होतं.
मला पाहून त्याने आधीच
वरचे कागद उचलून ठेवले.