साक्षीदार क्रमांक तीन

पत्रिका आहे? ग्रामसेवकानं विचारलं.
न्हाय.
फोटो?
न्हाय.
भटजींचा दाखला तरी?
आप्पांना प्रश्न उशिरा ऐकू आला,
मग ते हसले.
पाटाला भटजी लागत न्हाय, सायेब.
पाट लागतो.
आन् अंधार.

नमुना ड, चार घड्यांचा.
वर : जोतीराम बाळू मेटकरी. धंदा : गलाई.
उभा जन्म कोइमतुरात
दुसऱ्यांचं सोनं आटवण्यात गेला.
अंगठा टेकवला तर यंत्र म्हणतं, असा माणूसच नाही.
तेजाबानं रेघा धुऊन नेलेल्या.
एकेक बोट आईच्या पदराला पुसून झालं,
शेवटी डाव्या करंगळीला
सरकारनं ओळख दिली.

वधू : सुंद्राबाई.
विवाहसमयी स्थिती –
अविवाहित, विधवा, घटस्फोटित,
यांतलं नको ते खोडा.
पोरगं नवंच नोकरीला लागलेलं,
त्याच्याच मनगटावर हळकुंडाचा दोरा अजून ओला.
पेन थांबलं.
आईच म्हणाली, लिही की लेकरा,
व्हते त्या सांजंपतुर.

तारीख?
तारखा तेव्हा आमच्या वस्तीपर्यंत येत नव्हत्या.
खडीच्या कामावर पहिली सुकडी वाटली,
तिच्या फुडची अवस, आई म्हणाली.
तो मोबाइलात मागं मागं गेला,
त्र्याहत्तर सालातला एक वार काढून
तिच्यापुढं धरला,
दुकानदार खण उलगडतो तसा.
आईनं निरखून पाहिला.
ह्योच असंल.

साक्षीदार तीन,
प्रत्यक्ष हजर असलेले.
कंदील धरलेले कोंडीबातात्या गेले.
पदराला गाठ मारली ती बायजाम्हातारी
त्याच साली गेली.
उरले आप्पांचे धाकटे भाऊ,
आणि लव्हाजी, ज्याला वडापमधून
पोत्यासारखा उतरवून आणलेला.
तिसरा?
दारातून कुणीतरी म्हणालं,
घ्या कुणाचीबी सही, चालतंय.

मी म्हणाले, मी.

तुम्ही कोण यांच्या?
मुलगी. आईच्या पहिल्या घरची.
वय किती होतं तेव्हा?
सहा.

आईच्या पाटाकडं लेकीनं बघायचं नसतं.
म्हणून मला गोधडीत गुंडाळून
मावशी उंबऱ्यावर बसली होती, आणि पेंगली.
कुडाला भोक होतं, रुपयाएवढं.
बिरोबाच्या देवळामागं
कंदील खाली ठेवलेला,
त्यामुळं माणसं गुडघ्यापर्यंतच होती.
पाटावर चार पावलं.
त्यातली दोन आईची,
तिच्या टाचेच्या भेगा मला पाठ होत्या.
मग बांगड्या वाजल्या,
वर्षभर न वाजलेल्या.
तेव्हा कुणी न सांगता
मी डोळे मिटून घेतले.

म्हणजे वराचं तोंड तुम्ही पाहिलं नाही?
नाही.
मग हेच ते, कशावरून?
तिसऱ्या दिवशी
तीच पावलं आमच्या दारात आली,
उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.
त्या साली आम्ही पाणी वाटीनं मोजत होतो,
आणि त्या माणसानं मला
अख्खा तांब्या दिला. तोंड धुवायला.

हे त्यानं लिहिलं नाही.
रकाना दोन बोटांचा.
'हजर' एवढंच मावलं.
मी त्याखाली सही केली,
कमळ, आणि पुढं सासरचं आडनाव,
ते बसेना म्हणून कागदाच्या कडेनं वर वळवलं.

परतीच्या वडापमध्ये
आटपाडी येईपर्यंत आई गप्प.
डाळिंबाच्या झाडांवर उन्हासाठी
जुन्या साड्या पांघरलेल्या,
मैलोगणती.
मग माझ्याकडं न बघता :
जागी व्हतीस व्हय गं?
हं.
एवढी वरसं?
मी साड्या मोजत राहिले.
तिनं पिशवीतला दाखला चाचपला,
पुन्हा चाचपला.

पुढच्या सीटवरून आप्पांनी मान वळवली.
काय म्हंती ती?
आई मोठ्यानं म्हणाली,
काय न्हाय.
वारं लागत असंल तर
काच वर घ्या म्हंती.