फळ्या फुगेपर्यंत

ऑगस्ट सरत आला की माझी टपालबोट हलकी होते.
उन्हाळी माणसं शहरात परतलेली,
त्यांच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बंद.
मागे दोरीवर विसरलेला एखादा टॉवेल,
धक्क्याच्या फटीत लहान मुलाची एक चप्पल.
जूनभर रजेवर असलेली रात्र
पुन्हा कामावर रुजू झाली आहे.
मला कंदील शोधावा लागतो.

मंगळवारी ग्रोशेरच्या धक्क्याला लागलो
तर मायवूर गुडघाभर पाण्यात,
स्कर्टचा ओचा खोचून
सिक्स्तेनच्या होडीत दगड रचत होती,
एकेक, अंडी ठेवावीत तसा.
होडी आधीच काठापर्यंत भरलेली.
"टपाल?" तिने विचारलं.
"वीजबिल."
"मग घाई नाही."

सिक्स्तेन गेल्यापासून तीन उन्हाळे
ती होडी आल्डरखाली पालथी पडली होती.
फळ्या सुकून अंग चोरून बसलेल्या,
मधल्या फटींतून पलीकडचं गवत दिसायचं.
अशा होडीला नुसतं डांबर फासून भागत नाही.
तिला बुडवावं लागतं.
चार दिवस, पाच दिवस,
लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत.
आमच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

पण शनिवारी तुर्कूहून आलेल्या ओस्सीला कोण सांगणार?
नवं जाकीट, नवे बूट, पैसे आधीच भरलेले.
धक्क्याच्या टोकाशी उभा राहून त्याने खाली बघितलं.
होडी तळाशी. आतून बारकी मासळी फिरतेय.
पैसे पाण्यात जाणं म्हणजे काय
ते त्याला अक्षरशः दिसलं.
मायवूर बटाटे सोलत होती. सोलत राहिली.
"बुडाली," तो म्हणाला.
"बुडवली," ती म्हणाली.

मग दगड काढणं. मीही थांबलो,
तसंही पोतं रिकामं होतं.
एकतीस दगड. सिक्स्तेनने मोजले असते, म्हणून मी मोजले.
मग उपसणं. ओस्सी बादलीने, मी कॉफीच्या डब्याने,
आणि ती त्या लाकडी डावाने,
जो सिक्स्तेनने जुनिपरच्या एका गाठीतून कोरला होता,
मूठ तिच्या हाताच्या मापाची.
चाळीस वर्षं, ती म्हणाली, तो जाळ्याकडे बघायचा
आणि मी पायाखालच्या पाण्याकडे.

काळोख पडेतो होडी वर आली,
शेवाळाचा वास मारत.
तळाला तळहात लावून ओस्सी कितीतरी वेळ बसला.
पाणी परत आलं नाही.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार.
बेटाबेटांवर शेकोट्या पेटायला लागल्या.
पूर्वी म्हणे यावरून गलबतांना वाट कळायची,
आता कोण अजून आहे तेवढं कळतं.
अकरा. गेल्या वर्षी चौदा होत्या.
हॉल्मबर्गांच्या खडकावर काहीच नाही.
त्यावर कोणी बोललं नाही.
मायवूरने माशांच्या फुटक्या पेट्या आगीत टाकल्या,
ताटलीत उकडलेले बटाटे, खारी हेरिंग, वर शेपूचा तुरा.
ओस्सीने तीनदा घेतलं.

रविवारी पहाटे दक्षिणेचा वारा.
आमच्या समुद्राला भरती-ओहोटी नसते,
वारा ढकलेल तेवढं पाणी.
वीतभर चढलं होतं.
ओस्सी वीस हात गेला आणि ओरडला,
"पाणी उपसायचा तो लाकडी डाव?"
मायवूरला एका कानाने कमी ऐकू येतं.
तो कान तिने त्याच्याकडे केला.
त्याने थोडा वेळ वाट बघितली,
मग माझा कॉफीचा डबा उंच धरून दाखवला
आणि मोठ्या बेटाकडे वल्हवत गेला.

मंगळवारी पुन्हा गेलो. पत्र एकच,
तेही हॉल्मबर्गांचं, चुकून आलेलं.
स्वयंपाकघरात, पिठाच्या पिंपात
डाव उभा रोवलेला.
मी पाहिला. मी पाहिलेलं तिने पाहिलं.
"बस," ती म्हणाली.
"पावाला वेळ आहे.
पीठ अजून फुगायचंय."