आडवा सात

फर्वानियात सात वाजले की देवरुखात साडेनऊ.
अण्णा जेवून, चष्मा पुसून
पेपरातलं शब्दकोडं घेऊन फोनसमोर बसतात.
"उभा चार. पहिलं अक्षर म. खूण अशी आहे—"
आणि खूण येत नाही.
अण्णांचा चेहरा चौकोन चौकोन होतो,
कोड्यासारखाच, मधली काही घरं काळी.
मग बऱ्याच वेळानं नुसता आवाज: "कळलं का?"
"हो," म्हणते मी. "विचार करते."

कंपनीचा मुलगा म्हणाला, बंद करा,
तीसपर्यंत मोजा, चालू करा.
मोजलं. आधी मराठीत, मग अरबीत.
राउटर कपाटावरून खिडकीत नेला, खिडकीतून फ्रिजवर,
फ्रिजचं अंग पत्र्याचं म्हणून पुन्हा खाली.
आठवडाभर तो घरात
पाहुण्यासारखा जागा बदलत राहिला.

शेवटी एक अ‍ॅप घेतलं. त्यात शेजार दिसतो.
प्रत्येक घराची एक रंगीत कमान,
एकीच्या पोटात दुसरी, दुसरीत तिसरी.
एकोणीस घरं, आणि बहुतेक सगळी सहा नंबरावर,
कारखान्यातून निघाली तशीच.
कुणी बदललंच नव्हतं. मीही नव्हतं.

एकवर गेले, तिथे तळमजल्याचा दातांचा दवाखाना.
अकरावर पाचव्या मजल्यावरच्या नर्स,
त्यातल्या दोघी माझ्याच वॉर्डातल्या,
गुरुवारी रात्री गातात.
तीनवर जाऊन पाहिलं:
दोन भांडणांच्या मध्ये खाट टाकावी तसं.
मुकाट सहावर परत आले.

सगळ्यांत उंच कमानीखाली नाव होतं
बैत करीम.
भिंतीपलीकडून, कानाशी तोंड लावून बोलल्यासारखी.

पण ते घर तर जूनमध्येच गेलं.
सहा बॅगा टॅक्सीत, सायकल हारिसच्या पोराला.

मी इथे नवी होते तेव्हा उम्म करीमनं
खजुराच्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर
पासवर्ड लिहून दिला होता. करीमची जन्मतारीख, उलटी.
माझं कनेक्शन येईपर्यंत तीन महिने
अण्णा तिच्या भिंतीतून यायचे.
डबा मी मिठाला ठेवलाय.

हारिस अब्देलसत्तारनं किल्ली शोधायला दोन दिवस लावले.
आत मागच्या वादळाची धूळ, बारीक, सारखी पसरलेली.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
सर्वांत वरची माझ्या खांद्याला लागणारी.
आणि उघड्या फरशीवर राउटर,
चारही दिवे हिरवे,
वर्षाचे पैसे आधीच भरलेले.
असे राउटर सेकंदाला दहा वेळा आपलं नाव सांगतात,
ऐकायला कुणी असो नसो.

खिशात माझा फोन थरथरला.
न विचारता जोडला गेला होता.

मी उभी राहिले. काय करायचं ते ठरलेलंच होतं,
तरी उभी राहिले.
मग खाली बसून वायर काढली.
"खलास?" अब्देलसत्तारनं विचारलं.
"खलास."
वायर गुंडाळून राउटरवर ठेवली,
कुणी परत मागितला तर नीट मिळावा म्हणून.

संध्याकाळी सात.
"आडवा सात. तीन अक्षरी. पहिलं अक्षर रु.
खूण: नांगराची मूठ."
पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं,
आणि उत्तर येईना.
सिग्नलवर ढकलावं असं काही उरलं नव्हतं.
अण्णाही गप्प, पेन्सिल कानावर.
चेहरा अखंड. हनुवटीखाली
दाढी करताना राहून गेलेला पांढरा पट्टा,
किती दिवसांपासून राहतोय कोण जाणे.

"आहेस ना?" सवयीनं विचारलं त्यांनी.
"आहे, आहे.
विचार करते."