उलट्या तोंडाची सीट

वर्धा रोडवरच्या आमच्या शोरूममध्ये
आत येताना माणसं दारात क्षणभर थांबतात,
चपला काढाव्यात की नाही या विचारात.

मी सांगते : ग्राउंड क्लिअरन्स दोनशे पाच,
खड्डा कळतसुद्धा नाही, साहेब.
मी सांगते : सनरूफ.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत, नागपुरात
छताला भोक कशाला, हे मी सांगत नाही.
पण हवंय. सगळ्यांना हवंय.
मागच्या महिन्यात अठरा विकल्या, सतरांना भोक.

निखाडे आले तेव्हा सहा जण होते.
जुन्या व्हॅनच्या सरकत्या दारातून
एकामागून एक उतरत राहिले,
खिशातून चिल्लर निघावी तसे.
मी पाच सीटची दाखवली.
"आन् सहावा?" हरिश्चंद्रकाकांनी विचारलं.
मुलगा म्हणाला, "बाबा, रोज कोण सहा जण जाते?"
खरं होतं.
काकांनी टायरला हात लावून पाहिला.

बावीस वर्षं चालवली त्यांनी ती व्हॅन.
सकाळी पारडी, भांडेवाडी, वाठोड्याची पोरं,
कागदावर आठ, आत चौदा.
दुपारी केटरिंगची भांडी.
रात्री गल्लीत कुणाचं पोट दुखलं तर मेडिकल.
एकदा मयतसुद्धा नेली, असं सून म्हणाली.
ते म्हणाले, "झोपला होता तो."

एक्स्चेंजचा इरफान फॉर्म भरत होता :
रंग – पांढरा असावा.
दार – सरकतं, ओरडतं.
किंमत – अठ्ठावीस हजार.
"आता हे कोणी घेत नाही, चाचा.
नाक नाही ना गाडीले.
लोकायले समोर नाक पाहिजे."

मी हसले.
मग मला गुडघे आठवले.

पाचवी ते दहावी मी असल्याच व्हॅनमध्ये,
ड्रायव्हरच्या मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर.
माझ्या गुडघ्यांना प्रणोती ढोकेचे गुडघे,
मांडीवर दोघींची दप्तरं,
आणि जे गेलं तेवढंच दिसायचं मला :
गेलेलं फाटक, गेलेली पाण्याची टाकी,
रसवंतीचा गेलेला घुंगरू.
येणारं सगळं प्रणोतीकडे.
ती म्हणायची, "सिग्नल लाल आहे,"
आणि मी सीटची कड धरून ठेवायचे.
वळणावर मळमळायचं.
ती न बोलता डबा रिकामा करून पुढे करायची.

आता सगळ्या सीटा पुढे बघतात.
मागच्याला पुढच्याचं डोकं दिसतं
आणि त्या डोक्यामागे लावलेला पडदा.
तेही मी सांगते, फायदा म्हणून :
प्रत्येकाला आपापला.

सह्या झाल्या. पेढे झाले.
पुठ्ठ्याची हातभर चावी घेऊन फोटो झाला.
फोटोत काका नव्हते.
ते मागे यार्डात,
व्हॅनमध्ये अर्धे आत, अर्धे बाहेर,
हातात दहा नंबरचा पाना.
"काय करून राहिले, काका?"
"सीट काढून राहिलो. गाडी घ्या तुम्ही. हे नाही देत."
"दोन हजार कमी होतीन," इरफान म्हणाला.
"कर ना बे."

नव्या गाडीच्या डिकीत सीट गेली नाही.
आडवी नाही, उभी नाही, तिरपी नाही.
डिकी बटणानं उघडते. मोठी नाही.
हेही मी कधी सांगत नाही.

शेवटी लोडिंगची ई-रिक्षा बोलावली.
सीट सुतळीनं बांधली, तोंड मागे करून,
आणि सुनेनं दोनदा हाक मारली तरी
ते सीटवरच जाऊन बसले,
मांडीवर पेढ्यांचा डबा.

नवी गाडी पुढे निघाली,
मेट्रोच्या खांबांमधून, उगाच इंडिकेटर लावून.
मागून रिक्षा.
काका माझ्याकडे पाहत लहान होत गेले.
मी हात हलवला, त्यांनी पाना हलवला.

पुढे चौकात सिग्नल लाल होता.
त्यांना दिसत नव्हता.
मला दिसत होता.